मातीची खोली आणि पाण्याचा हक्क

(नीरा खोऱ्यातील एका गावी भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



शेतीप्रश्नावर बोलायला अर्थशास्त्राचा माणूस बोलावला की तो भाव, कर्ज, अनुदान आणि बाजार यांविषयी बोलणार अशी आपली अपेक्षा असते, आणि ती वाजवीही आहे. आज मात्र मी मातीविषयी बोलणार आहे. मी मृद्‌शास्त्रज्ञ नाही. उभा जन्म वर्गातल्या फळ्यावर वक्ररेषा काढण्यात गेला. परंतु त्या वक्ररेषांत जी ‘जमीन’ नावाची वस्तू असते तिला खोली नसते, उतार नसतो, तिच्यात पाणी मुरत नाही की साचत नाही. ती केवळ एकरांत मोजलेली असते. ही चूक साधी नाही. या नीरा खोऱ्याने तिची किंमत गेल्या दोनशे वर्षांत दोनदा मोजली, आणि दोन्ही वेळा किंमत मोजणारे हात निराळे होते व चूक करणारे हात निराळे होते.

पहिल्या वेळची हकीकत अशी. १८१७ साली डेव्हिड रिकार्डो या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. जमिनीच्या मूळच्या व कधी नाश न पावणाऱ्या शक्तीच्या वापराबद्दल मालकाला मिळणारा मोबदला म्हणजे खंड, अशी त्याची उपपत्ती होती. त्याच वर्षाच्या अखेरीस पेशवाईचा शेवट जवळ आला आणि लवकरच पुणे प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. कंपनीच्या नोकरीत येणाऱ्या तरुणांना हेलिबरीच्या कॉलेजात माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे. तेथे शिकून आलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा अधिकारी पुणे जिल्ह्याच्या पाहणीवर नेमला गेला, आणि त्याने खंडाचा हा सिद्धांत आपल्या शेतकऱ्यांवर लावून पाहिला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नातील निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा सरकारने सारा म्हणून घ्यायचा. कागदावर यात काही चूक दिसत नाही. मी विद्यार्थी असताना मलाही ती दिसली नसती.

१८३० साली हा सारा इंदापूर तालुक्यात लागू झाला. इंदापूरला पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि ती सरासरीसुद्धा दोन चांगल्या वर्षांनी व तीन वाईट वर्षांनी मिळून झालेली. पाहणी करणाऱ्या खालच्या नोकरांनी लाच घेऊन प्रती फिरवल्या, धान्याचे भाव पडले, आणि काही वर्षांतच गावेच्या गावे ओस पडू लागली. शेतकरी निजामाच्या मुलखात निघून गेले. सिद्धांतातील अविनाशी शक्ती तेथेच पडून होती, नांगर धरायला माणूस उरला नव्हता.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूरची फेरपाहणी केली. आपल्या सातबाऱ्याचे, सर्व्हे नंबराचे मूळ या पाहणीत आहे हे आपणास ठाऊक असेल. तिच्यातील एक बाब मात्र सहसा कोणी सांगत नाही. विंगेटच्या पद्धतीत जमिनीची प्रत तिच्या खोलीवरून ठरत असे. शेतात खणून पाहायचे. बारीक पोताची काळी माती पावणेदोन हात खोल लागली तर ती पहिली प्रत, सोळा आण्यांची. दीड हात असेल तर दुसरी, सव्वा हात असेल तर तिसरी, असे पाव पाव हाताने उतरत जायचे. शेवटच्या, नवव्या प्रतीची माती दोन आण्यांची. शिवाय दोष निराळे मोजायचे: चुनखडीचे खडे मिसळले आहेत काय, वाळू आहे काय, उतार आहे काय, पाणी साचून राहते काय. प्रत्येक दोषामागे एक प्रत खाली. मला या पद्धतीचे कौतुक वाटते आणि रागही येतो. कौतुक यासाठी की शेतकऱ्याला जे ठाऊक होते तेच या परक्या माणसांनी आकड्यांत मांडले. राग यासाठी की हे सारे ज्ञान सारा ठरवण्यासाठी होते. तीस वर्षांसाठी सारा कायम झाला की माती खणून पाहणाऱ्याचे काम संपले.

आता, पावणेदोन हात खोली म्हणजे एवढे काय? हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून येथे थोडा थांबतो.

आपल्या दख्खनची काळी माती बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, झिजेतून झाली. तिच्यात अतिशय बारीक कणांच्या चिकणमातीचा भाग पुष्कळ, बहुधा शंभरात चाळीस ते साठ, कोठे त्याहूनही अधिक. ही चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. चैत्र-वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. वरचा चुरा त्या भेगांत पडतो, पावसात माती फुगून पुन्हा वर येते, आणि जमीन आपली आपणच थोडी उलथली जाते. हीच चिकणमाती पाणी धरून ठेवते. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या मुळांना घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठते. हस्ताचा पाऊस चांगला झाला की इंदापूर-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने मालदांडी पेरायची आणि पुढे आभाळाकडे न पाहता ज्वारी घरी आणायची. मातीच्या पोटातले ते पाणी म्हणजे त्याची ठेव. ज्याची माती हातभर आणि खाली मुरूम, त्याची ठेव निम्मी. ज्याची वीतभर, त्याला रब्बी नाही, त्याने पावसाळ्यात बाजरी-मटकी करून घ्यायची. अमुक एकर जमीन आहे या विधानाला येथे अर्थ नसतो. किती खोल आहे हे सांगावे लागते. आपल्या भाषेत भारी, मध्यम, हलकी, बरड, मुरमाड, चुनखड, पोयट्याची, चोपण इतके शब्द आहेत, ते शेतकऱ्याला शब्दांचा सोस होता म्हणून आलेले नाहीत.

कोरडवाहू शेतीत जो गुण, तोच बागायतीत दोष होऊ शकतो, हा या मातीचा खरा पेच आहे. पाणी धरून ठेवणारी माती पाणी सोडतही नाही. भिजून फुगली की तिच्यातील वाटा बुजतात व पाण्याचा निचरा अतिशय मंद होतो. मुरमाड माळाला तुम्ही आठवड्याला पाणी दिले तरी ते खाली निघून जाईल. भारी काळीला तेच पाणी दिलेत तर वाफसा येणार नाही. वाफसा हा शब्द येथे सर्वांना समजतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकात त्याला एकही नेमका शब्द मला सापडला नाही. माती ओली असावी पण तिच्यात हवाही खेळावी, अशी ती स्थिती. ती गेली की मुळे गुदमरतात.

आता कालव्याकडे येऊ. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जळल्या. १८७६-७७ मध्ये मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळाने सरकारला जाग आली आणि नीरा डाव्या कालव्याचे काम पुढे सरकले. १८८५ च्या सुमारास भाटघरच्या धरणाचे पाणी कालव्याने बारामती-इंदापूरकडे वाहू लागले. उद्देश संरक्षक होता: पाऊस चुकला तर ज्वारी-बाजरी वाचावी, लोक मरू नयेत. परंतु भारी जमिनीच्या शेतकऱ्याला चांगल्या वर्षी पाण्याची गरज नव्हती. त्याची ठेव त्याच्या मातीतच होती. त्याने पाणी घेतले नाही, पाणीपट्टी वसूल होईना, आणि कालवा तोट्यात दिसू लागला. तेव्हा पाणी बारमाही घेणारे पीक हवे झाले. ऊस आला. सासवडकडचे मेहनती माळी शेतकरी खंडाने जमिनी घेऊन या कालव्यावर उतरले, त्यांनी मळे उभे केले, गुऱ्हाळे चालू झाली. कालव्याचा हिशेब जुळला. मातीचा कोणी केला नव्हता.

तो पंचवीस वर्षांत समोर आला. १९१० साली मुंबई सरकारच्या शेतकी खात्यातील हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्याच्या खालच्या अंगाला, सखल भागात, उत्तम प्रतीच्या काळ्या जमिनी मिठाने नापीक होत चालल्या होत्या. विंगेटच्या हिशेबी सोळा आण्यांची जी जमीन, तीच आधी गेली, कारण खोल आणि बारीक पोताची माती सखल भागातच असते आणि निचराही तेथेच नसतो. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक विशेष विभाग काढला. पुण्याजवळ खडकवासल्याला आज जे मोठे जल व विद्युत संशोधन केंद्र आहे त्याची ही सुरुवात. १९३२ मध्ये येथून जवळच पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले व तेथे दख्खनच्या कालव्यांवरील मातीचे शास्त्रीय वर्गीकरण झाले. हे सांगण्याचा हेतू एवढाच की कोणाला काही माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. माहीत होऊन शंभर वर्षे उलटली.

मीठ येते कोठून? पुष्कळांना वाटते खतातून येते. थोडे येते, पण मुख्य वाट ती नाही. पाषाण झिजताना सुटलेले क्षार मातीच्या खालच्या थरात असतातच. पाणी अधिक झाले की भूजलाची पातळी वर चढते. ती जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागावर येते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. शिवाय आपण वरून देतो ते पाणीही निखळ नसते. एक साधा हिशेब करून पाहा. पाटाने, सरी भरून उसाला वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाणी दिले जाते. हेक्टरी ते दोन कोटी लिटर होते. कालव्याच्या गोड पाण्यात लिटरमागे पाव ग्रॅम क्षार धरले, तरी हेक्टरी वर्षाला पाच टन क्षार शेतात आले. एकरी दोन टन, म्हणजे पन्नास किलोची चाळीस पोती. विहिरीच्या मचूळ पाण्यात क्षार याच्या चौपट असू शकतात. पावसाने धुऊन जावे तर पाऊस ५०० मिलिमीटर, आणि जायला वाट हवी. वाट म्हणजे ओढे-नाले. ते आपण काय करून ठेवले आहेत हे येताना रस्त्यातच दिसले. बांध सरळ करण्याच्या हौसेने सपाट केलेला ओढा, वर उभा ऊस, आणि खालच्या शेतात लव्हाळा.

क्षार नुसते पांढरे फुटलेले असतील तर पाणी व निचरा दिल्याने जमीन पुष्कळदा सुधारते. त्यात सोडियमचे प्रमाण वाढले की दुखणे वेगळे होते. सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियमला हुसकावून लावतो, कण सुटे होतात, मातीची रचना मोडते. ओली असताना रबडी, वाळली की दगड. हीच चोपण. तिला जिप्सम द्यावे लागते, धैंचा-ताग गाडावा लागतो, आणि निचऱ्याशिवाय या दोन्हींचा उपयोग होत नाही. अकोला-अमरावती-बुलढाण्याचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा निसर्गानेच तसा आहे. तेथील शेतकऱ्याने त्याच्याशी जुळते घेऊन कोरडवाहू शेतीची घडी बसवली. आपल्या खोऱ्यातले मीठ मात्र आपल्या व्यवस्थेने वर आणले.

माझ्या मामांची गोष्ट सांगतो. कालव्याच्या खालच्या अंगाला त्यांचे चार एकर काळे रान होते. शाळेच्या सुट्टीत मी तेथे जात असे. शाळू असा की मोठा माणूस दिसू नये. पुढे वरच्या बाजूला सलग ऊस झाला, मामांनीही दीड एकर केला. कारखान्याची सभासदी, दरवर्षीचे बिल, मुलीचे लग्न, सारे त्यातून निघाले हेही खरे आहे. मग एका उन्हाळ्यात रानाच्या खालच्या कोपऱ्यात चुन्यासारखे पांढरे दिसू लागले. तीन-चार वर्षांत उसाची पाने कडांनी करपू लागली, उगवण विरळ झाली, आणि शेवटी तेथे गवतसुद्धा धड येईना. मी तेव्हा नुकताच कॉलेजात शिकवू लागलो होतो. शहाणपणाने म्हणालो, मामा, वरच्या शेतकऱ्याविरुद्ध तक्रार करा. मामा म्हणाले, “कुणाशी भांडू, बाबा? त्यानं काय माझ्या रानात मीठ आणून टाकलंय व्हय? त्यानं त्याच्या रानाला पाणी दिलं.”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अर्थशास्त्रात आम्ही अशा गोष्टीला ‘बाह्य परिणाम’ म्हणतो आणि गिरणीच्या धुराचे उदाहरण देतो. पिगूने १९२० साली सांगितले की अशा वेळी खाजगी खर्च व सामाजिक खर्च यांत अंतर पडते, आणि ते अंतर कराने भरून काढावे. धुराचे उदाहरण सोपे आहे, कारण धुराडे दिसते. येथे मीठ कोणी पाठवले हे सांगता येत नाही. शंभर शेतांचे पाझर एका शेतात येतात. नुकसान वीस वर्षांनी दिसते. आणि पाणीपट्टी परंपरेने पीक व क्षेत्र पाहून लागत आली, मोजून लागत नव्हती, त्यामुळे पाळी चुकू नये म्हणून मिळेल तितके पाणी घेण्यातच शहाणपण. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला पाणी मिळत नाही म्हणून त्याची जमीन कोरडी. सखल भागातील शेतकऱ्याला न मागितलेले पाणी मिळते म्हणून त्याची जमीन खारवट. दोघांचे दुखणे एकाच ठिकाणी सुरू होते, आणि दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. शहरात बसून ‘ऊस बंद करा’ म्हणणाऱ्यांत मी नाही. महाराष्ट्रात लागवडीखालील एकूण क्षेत्रात उसाचा वाटा चार-पाच टक्के, आणि सिंचनाच्या पाण्यात निम्म्याहून कितीतरी अधिक. ही विषमता उघड आहे व ती मोडली पाहिजे. परंतु ऊस लावणारा दोन एकरांचा शेतकरी हा काही पाण्याचा दरोडेखोर नव्हे. ज्या एका पिकाला कायद्याने ठरवलेला भाव आहे आणि ते दारातून उचलून नेणारा कारखाना आहे, ते पीक तो करतो. ज्वारीला, हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी केंद्र मात्र वेळेवर उघडत नाही. मातीला न मानवणारे पीक शेतकऱ्याच्या गळ्यात कोण बांधते, याचा शोध घ्यायचा तर तो बाजारात आणि मंत्रालयात घ्यावा लागेल. बांधावर तो सापडणार नाही.

मातीचा गुण न पाहता केलेले काम चांगल्या हेतूने केले तरी अंगाशी येते, याचे दुसरे उदाहरण बांधबंदिस्तीचे आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हाच त्यांनी सरकारला सुचवले होते की फौज व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून जागोजाग ताली व बंधारे बांधून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतांत मुरत मुरत पुढे जावे. डोंगरउतारावरच्या सुपीक घटकांना ते शेताचे धन मानत होते. पुढे १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली आणि १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून आपल्या राज्यात समपातळी बांधांचे प्रचंड काम झाले. हलक्या व मध्यम जमिनीत त्याचा निश्चित फायदा झाला. लाखो हातांना काम मिळाले, याचे मोल मी कमी लेखत नाही. पण तेच बांध भारी काळ्या जमिनीत घातले तेव्हा पाणी बांधाला साचून राहिले, पीक पिवळे पडले, आणि मोठ्या पावसात भेगाळलेले बांध फुटले. तेथे हलका ढाळ देऊन जादा पाणी बाहेर काढणारे बांध हवे होते. फुल्यांच्या सूचनेतला ‘मुरत मुरत पुढे जावे’ हा अर्धा भाग नकाशा आखताना गळून पडला. मजुरी घनमीटरवर मिळते. मातीच्या प्रतीवर कोणाला मजुरी मिळत नाही.

येथून फार दूर नाही, पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठेवता घरातील माणसांवर ठेवला: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. आणि ऊस वर्ज्य. आपल्या चळवळीत या प्रयोगाची चर्चा समतेच्या अंगाने पुष्कळ झाली, ती योग्यच आहे. मातीच्या अंगाने मात्र फारशी झाली नाही. पाणी जेव्हा मोजून आणि थोडे थोडे मिळते तेव्हा ते मुळांपुरतेच जाते, भूजल वर चढत नाही, क्षार फुटत नाहीत. म्हणजे न्यायाने वाटलेले पाणी मातीलाही सोसते. त्या प्रयोगाच्या मर्यादा आहेत, तो मोठ्या कालव्यांवर जसाच्या तसा पोचला नाही. २००५ च्या दोन कायद्यांनी पाणीवापर संस्था व घनमापन पद्धतीने पाणीपुरवठा यांना कायदेशीर चौकट दिली. चौकटीत चित्र किती ठिकाणी भरले गेले, हे या सभेत बसलेले पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

आता मृद आरोग्य पत्रिकेविषयी. २०१५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ही योजना सुरू केली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती पत्रिका असेल. मातीचे बारा गुण तिच्यात दिलेले असतात: सामू, विद्राव्य क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. हे उपयुक्त आहे. निष्कारण युरिया ओतणाऱ्याचा हात त्याने थोडा थांबला तरी लाभच. पण पत्रिकेत काय नाही ते पाहा. मातीची खोली नाही. निचरा नाही. भूजल किती खाली आहे ते नाही. बागायतीत अडीच हेक्टरांना व कोरडवाहूत दहा हेक्टरांना मिळून एक नमुना, असा तिचा जाळीदार हिशेब. शेजारच्या दोन शेतांत एक भारी व एक बरड असली तर दोघांच्या हाती एकच आकडे. खत किती घालायचे हे ती सांगते. हे पीक येथे घ्यावे की नाही, पाणी किती सोसेल, हे ती सांगत नाही. सारा वसूल करायचा होता तेव्हा कंपनी सरकारच्या कारकुनाने शेतात खणून पाव हाताचाही फरक टिपला. शेतकऱ्याच्या भल्याची पत्रिका छापताना स्वतंत्र भारताच्या सरकारला ती खोली मोजावीशी वाटली नाही.

खारवट जमीन सुधारता येते, ही गोष्ट आता प्रयोगाच्या पलीकडे गेली आहे. सुमारे मीटरभर खोलीवर सच्छिद्र नळ्या ठराविक अंतराने पुरून जादा पाणी व क्षार बाहेर काढतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सहकारी कारखान्याच्या पुढाकाराने हे काम मोठ्या क्षेत्रावर झाले, आणि वर्षानुवर्षे पडीक असलेल्या शेतांत पुन्हा पीक आले. पण या नळ्या एका शेतात पुरून भागत नाही. पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर मुख्य नळी चार-सहा जणांच्या बांधाखालून जाते. ज्या मान यांनी येथील खारवट जमिनी पाहिल्या त्यांनीच पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील सरासरी धारणा १७७१ साली ४० एकर होती ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. त्या गावात आता शेतीच उरली नाही, इमारती आहेत. आणि येथे सात एकरांचा शेतकरी मोठा समजला जातो. एवढ्या तुकड्यांतून निचऱ्याची नळी काढायची तर एकट्याची ऐपत, एकट्याची संमती आणि एकट्याचा शहाणपणा पुरत नाही. कर्ज मागायला मामांसारखा माणूस बँकेत गेला तर नापीक जमीन तारण चालत नाही, आणि जमीन सुपीक करायची तर कर्ज हवे.

कालवा सरकारने काढला, पाणीपट्टी सरकारने घेतली. उसाच्या खरेदीवर राज्याला कर मिळाला, कारखान्यांना भांडवल मिळाले. तेव्हा निचऱ्याचा खर्च हा कालव्याच्या खर्चाचाच राहून गेलेला भाग आहे, आणि तो लाभधारकांनी व राज्याने मिळून द्यावा, क्षारपड झालेल्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये, ही आपली मागणी असली पाहिजे. तिला आकडे लागतील. कालव्याच्या प्रत्येक चारीखाली किती जमीन क्षारपड आहे, कोणाची आहे, कोणत्या वर्षापासून आहे, याची गाववार यादी आज लोकांच्या हाती नाही. सरकारी अहवालांत क्षेत्र असते, नावे नसतात.

म्हणून उद्या सकाळच्या सत्रात मी भाषण करणार नाही. आयोजकांना मी पाच कुदळी व मोजपट्ट्या आणायला सांगितले आहे. या गावच्या शिवारात कालव्यालगत, मध्यावर आणि ओढ्याकाठी असे तीन खड्डे आपण घ्यायचे, मालकांची परवानगी आज संध्याकाळी काढायची. माती किती खोल, चुनखडी कोठे लागते, पाणी कोठे लागते, एवढेच वहीत लिहायचे आणि खाली शेतकऱ्याची सही घ्यायची. येथील ज्येष्ठ शेतकऱ्यांनी बरोबर यावे, कारण ते रान पूर्वी कसे होते हे त्यांनाच विचारायचे आहे. सात वाजता निघू. दहानंतर ऊन फार होते.